गवताची टोयोटा

२००५ साली डार्विनच्या संग्रहालयात एक टोयोटा लँडक्रूझर दाखल झाली. मापाने खऱ्या गाडीएवढी. आकार ओळखीचा, पण पत्र्याऐवजी वाळलेलं गवत. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात पापुलानकुत्या नावाची वस्ती आहे, नकाशावर तिचं नाव ब्लॅकस्टोन. तिथल्या बायकांनी ही गाडी विणली होती. त्या वर्षीच्या राष्ट्रीय आदिवासी आणि टोरेस स्ट्रेट बेटवासी कला पुरस्कारात पहिलं बक्षीस या गाडीने नेलं.

पुरस्कारामागचा पैसा टेल्स्ट्रा या टेलिफोन कंपनीचा, आणि गाडी आता आहे नॉर्दर्न टेरिटरीच्या सरकारी संग्रहालयात. ऑस्ट्रेलियातली आजची हस्तकला राहते कुठे, असं कुणी विचारलं तर याच दोन पत्त्यांवर बोट ठेवावं लागेल: सरकारी संग्रह आणि कंपन्यांची दालनं. मडकी, काच, विणकाम, दागिने यांची मोठी प्रदर्शनं त्या देशात भरतात तीही बहुतेक या दोन ठिकाणांहून उसन्या आणलेल्या वस्तूंवर.

गाडीचं आधी सांगतो. त्या बायका त्जान्पी डेझर्ट वीव्हर्स या गटाच्या. त्जान्पी म्हणजे तिथलं रानगवत. पश्चिम ऑस्ट्रेलिया, दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरी यांच्या सीमा जिथे मिळतात त्या प्रदेशात एनपीवाय विमेन्स कौन्सिल ही आदिवासी स्त्रियांची संघटना काम करते. तिचं कार्यक्षेत्र सुमारे साडेतीन लाख चौरस किलोमीटर, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राहून मोठं. १९९५ साली या संघटनेने टोपल्या विणण्याचं शिबिर घेतलं. गवताची जुडी धरायची, तिच्यावर दोरा किंवा राफिया गुंडाळत जायचं, जुडी गोल वळवायची आणि प्रत्येक फेऱ्याचा टाका खालच्या फेऱ्यातून ओवून घ्यायचा. लागते ती एक जाड सुई. माग नको, भट्टी नको, वीज नको. पोरं आणि कुत्री अवतीभवती असताना जमिनीवर बसून करता येतं.

ही टोपली त्या बायकांची परंपरागत नव्हे, बाहेरून शिकलेली. परंपरागत होती ती चुंबळ. डोक्यावर पाण्याचं किंवा बियांचं लाकडी पात्र ठेवण्यासाठी केसांच्या दोरीची आणि एमूच्या पिसांची चुंबळ त्या पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या होत्या. त्यामुळे गोल वळवायला बोटं तयारच होती. टोपलीवरून त्या कुत्र्यांवर गेल्या, कुत्र्यांवरून पक्ष्यांवर, आणि दहा वर्षांत गाडीवर. गाडीच का, हे त्या भागात एकदा प्रवास केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. गवत आणायला गाडी लागते, दवाखान्यात जायला गाडी, शेकडो किलोमीटरवरच्या नातलगाच्या अंत्यविधीला जायलाही गाडीच. आज या गटात सव्वीसएक वस्त्यांमधल्या चारशेहून अधिक स्त्रिया विणतात.

आता यात घेणारा कोण होता ते बघा. एवढी गवताची गाडी कुणाच्या दिवाणखान्यात मावणार? ती विकत घेऊ शकतं, जागा देऊ शकतं, वाळवीपासून जपू शकतं ते संग्रहालयच.

आपल्याकडे कुंभाराला, सुताराला, चांभाराला गिऱ्हाईक शोधत हिंडावं लागलं नाही. गाव हेच गिऱ्हाईक होतं, सुगीला बलुतं ठरलेलं होतं. त्या व्यवस्थेत जातीचा काच होता, अन्याय होता, पण मडकं कुणासाठी घडवायचं हा प्रश्न कुंभाराला पडत नव्हता. ऑस्ट्रेलियातल्या गोऱ्या वसाहतीत असा गावगाडा कधी नव्हताच. १७८८ पासून कपबशा, कापड, कपाटं इंग्लंडहून जहाजाने येत राहिली. आदिवासींची विद्या हजारो वर्षांची होती, पण वसाहतीने ती ‘नमुने’ म्हणून मानववंशशास्त्राच्या कपाटात बंद केली. त्यामुळे विसाव्या शतकाच्या मध्यावर काही माणसं हौसेने आणि निष्ठेने माती, लोकर, चांदीकडे वळली तेव्हा पहिला पेच घेणाऱ्याचाच होता. हा पेच सोडवला सरकारने, आणि त्याच्या मागोमाग काही अंशी कंपन्यांनी. माझ्या मते ऑस्ट्रेलियन हस्तकलेचं आजचं रूप समजून घ्यायचं तर हे नवे यजमान आधी पाहिले पाहिजेत. घेणारा बदलला की वस्तूचा आकार, माप आणि स्वभाव सगळं बदलतं.

सुरुवातीची ठिकाणं छोटी होती. सिडनीच्या नैऋत्येला मिट्टागाँग गावात विनिफ्रेड वेस्ट या शिक्षिकेने १९४१ साली स्टर्ट नावाची कार्यशाळा काढली. आधी विणकाम, मग १९५० च्या दशकात इव्हान मॅकमीकिन यांची कुंभारशाळा. युद्धानंतर युरोपातून आलेल्या स्थलांतरितांनी आपापली विद्या आणली, त्यात डॅनिश सोनार होते, जर्मन काचकाम करणारे होते. १९६४ साली न्यू यॉर्कमध्ये वर्ल्ड क्राफ्ट्स कौन्सिलची स्थापना झाली. तिच्या संस्थापकांत आपल्या कमलादेवी चट्टोपाध्याय होत्या. स्वतंत्र भारताच्या हस्तकला मंडळाचा अनुभव त्या सोबत घेऊन गेल्या होत्या. त्याच वर्षी न्यू साउथ वेल्सच्या कारागिरांनीही आपली संघटना उभारली. पुढे १९८० मध्ये याच जागतिक परिषदेच्या अध्यक्षपदी सिडनीच्या मारिया गझार्ड निवडून आल्या. त्या मुळात मातीकाम करणाऱ्या.

या गझार्डबाईंचं नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे. डिसेंबर १९७२ मध्ये गॉफ व्हिटलम यांचं मजूर पक्षाचं सरकार आलं आणि १९७३ मध्ये ऑस्ट्रेलिया कौन्सिल या सरकारी कलासंस्थेत साहित्य, संगीत, नाट्य यांच्या बरोबरीने हस्तकलेचं स्वतंत्र मंडळ आलं. गझार्ड त्याच्या पहिल्या अध्यक्ष. हे मंडळ नुसतं अनुदान वाटून थांबलं नाही, ते स्वतः वस्तू विकत घेऊ लागलं आणि पेट्यांत भरून गावोगावच्या दालनांत पाठवू लागलं. हा संग्रह पुढे कॅनबेराच्या नॅशनल गॅलरीकडे गेला. त्याच १९७३ साली दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सरकारने ॲडलेडमधल्या एका जुन्या जॅमच्या कारखान्यात कारागिरांसाठी कार्यशाळा उघडली. १९९२ मध्ये ती शहराच्या मध्यवस्तीत हलली, पण नाव अजून जॅमफॅक्टरीच. तिथे शिकाऊ कारागीर भट्टीशेजारी राबतात आणि बाहेरच्या दुकानात त्यांनीच फुगवलेले पेले विकायला असतात. दुकान आणि शाळा एका छपराखाली असण्याचा हा प्रकार मला त्या देशातल्या सगळ्या प्रयोगांत सर्वाधिक शहाणपणाचा वाटतो.

१९७३ हेच सिडनीच्या ऑपेरा हाऊसच्या उद्घाटनाचं वर्ष. रंगमंचासाठी जॉन कोबर्न या चित्रकाराने दोन प्रचंड पडद्यांची चित्रं काढली होती, सूर्याचा पडदा आणि चंद्राचा पडदा. लोकर ऑस्ट्रेलियन मेंढ्यांची. विणायला मात्र पडदे फ्रान्सला, ओब्युसोंच्या परिसरात न्यावे लागले; कोबर्न स्वतः कुटुंबासह तिथे जाऊन राहिले. जगाला लोकर पुरवणाऱ्या देशात एवढं मोठं टॅपेस्ट्रीकाम करणारी एकही कार्यशाळा नव्हती. आपण कापूस मँचेस्टरला पाठवून धोतरं विकत घेत होतो त्याची आठवण व्हावी असा प्रकार. पडदेही काही वर्षांतच जतनासाठी उतरवून ठेवावे लागले.

उणीव भरून निघाली ती १९७६ मध्ये, मेलबर्नला. व्हिक्टोरिया राज्याच्या गव्हर्नरांच्या पत्नी लेडी डेलाकोम यांनी एडिंबरोची टॅपेस्ट्री कार्यशाळा पाहिली होती, त्यांच्या डोक्यात ही कल्पना घोळत होती. तिथले कसबी विणकर आर्ची ब्रेनन सल्ला द्यायला आले, सू वॉकर पहिल्या संचालक झाल्या, आणि साउथ मेलबर्नच्या पार्क स्ट्रीटवरच्या एका व्हिक्टोरियन काळातल्या इमारतीत माग उभे राहिले. नाव होतं व्हिक्टोरियन टॅपेस्ट्री वर्कशॉप. आता ऑस्ट्रेलियन टॅपेस्ट्री वर्कशॉप. विणकर म्हणून घेतले गेले ते कलाशाळेतून शिकून आलेले तरुण. चित्रकाराच्या चित्राची नक्कल करायची नाही, गायक चिजेची मांडणी करतो तशी लोकरीत मांडणी करायची, हा ब्रेनन यांचा आग्रह.

इथे थोडं मागाजवळ जायला हवं. टॅपेस्ट्रीत ताणा सुती असतो आणि शेवटी पूर्ण झाकला जातो. डोळ्यांना दिसतो तो फक्त बाणा, आणि हा बाणा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जात नाही. प्रत्येक रंगाची कांडी आपल्या हद्दीपर्यंत जाते आणि मागे वळते, शेजारच्या रंगाची दुसरी कांडी तिथून आपलं काम सुरू करते. पैठणीचा पदर याच तंत्राने निघतो: मोराच्या मानेचा निळा धागा मानेपुरताच फिरतो, पुढे पिसाऱ्याचा हिरवा. येवल्याचा विणकर पार्क स्ट्रीटवर गेला तर काय चाललंय हे त्याला कुणी समजावून द्यायची गरज पडणार नाही. त्याला नवल वाटेल ते दोन गोष्टींचं. एक म्हणजे माग उभा, ताणा जमिनीपासून छताकडे ताणलेला आणि विणकर रांगेने त्याच्यासमोर बसलेले. दुसरं म्हणजे कांडी. तिच्यावर एका रंगाची लोकर नसते. वेगवेगळ्या छटांचे कितीतरी बारीक धागे एकत्र करून ती भरतात. लांबून झाडाचं खोड राखी दिसतं. नाक लावून पाहिलं तर त्यात पिवळा, मातकट, निळसर, मध्येच एखादा जांभळा धागा. लोकर रंगवण्याचं कामही तिथेच होतं, साडेतीनशेहून अधिक छटा फडताळांवर मांडलेल्या असतात.

या कार्यशाळेचा खरा कस लागला तो संसदेच्या कामात. कॅनबेरातलं नवं संसद भवन ९ मे १९८८ रोजी राणी एलिझाबेथच्या हस्ते खुलं झालं. वास्तुशिल्पी रोमाल्दो जुरगोला यांची भूमिका अशी की कलाकाम इमारत झाल्यावर भिंतीवर टांगायचं नाही, आराखड्यातच धरायचं. त्यामुळे ग्रेट हॉलच्या भिंतीचं मापच मुळी टॅपेस्ट्रीला दिलं: सुमारे २० मीटर लांब, ९ मीटर उंच. चित्र आर्थर बॉइड यांचं, शोलहेवन नदीकाठच्या निलगिरीच्या रानाचं. डझनाहून अधिक विणकर दोन वर्षांहून जास्त काळ त्यावर होते, चार भागांत ते विणलं गेलं. काम चालू असताना, १९८६ मध्ये, हॅलेचा धूमकेतू आकाशात आला होता; तो या रानाच्या आभाळातही आहे, पण शोधावा लागतो. एक पांढरा काकाकुवाही दडलेला आहे. शाळांच्या सहलींतली मुलं हे दोन्ही सापडेपर्यंत तिथून हलत नाहीत.

वरच्या मजल्यावर याच्या अगदी उलट स्वभावाचं काम आहे. १६ मीटर लांब आणि जेमतेम ६५ सेंटिमीटर रुंद अशी भरतकामाची पट्टी. के लॉरेन्स यांनी आराखडा केला आणि आठ राज्यं-प्रदेशांतल्या भरतकाम मंडळांच्या पाचशेहून अधिक बायकांनी तो भरला. सुमारे १२ हजार तास लागले म्हणतात. आदिवासींच्या भूमीपासून वसाहतीच्या शतकापर्यंतची गोष्ट, पण राजे आणि सेनापती यांच्या नजरेतून नव्हे. जमीन कशी वापरली, कुंपणं कशी पडली, बायकांनी पत्रांत काय लिहिलं, असं. हे कुणी विकत घेतलं नाही, भेट दिलं. दुपारच्या फावल्या वेळात करायचं काम अशी ज्याची संभावना होते ते भरतकाम लोकशाहीच्या मुख्य इमारतीत कायमचं जाऊन बसलं, ही घटना मला त्या भव्य टॅपेस्ट्रीपेक्षाही मोठी वाटते.

इमारतीसमोरच्या चौकात मायकेल नेल्सन जगमारा यांच्या चित्रावरून केलेलं १९६ चौरस मीटरचं दगडी मोझेइक आहे, हाताने फोडलेल्या ग्रॅनाइटच्या सुमारे ९० हजार तुकड्यांचं. आणि मारिया गझार्ड? त्यांचं ‘मिंगारी’ हे पाच भागांचं ब्राँझशिल्प पंतप्रधानांच्या बाजूच्या अंगणात आहे. सामान्य प्रेक्षकांची तिकडे वाट नाही.

राजधानीबाहेर एक वेगळीच वाटणी झालेली दिसते. लहान गावांच्या नगरपालिकांना सगळंच थोडं थोडं जमवणं परवडत नव्हतं, म्हणून एकेका गावाने एकेक माध्यम धरलं. सोन्याच्या खाणींमुळे वसलेल्या अरारतने कापड आणि धागा घेतला. वॅगा वॅगाने काच घेतली आणि १९७९ पासून ती जमवत राहिलं. फळं डबाबंद करणाऱ्या शेपर्टनने मातीकाम गोळा केलं. १९९१ पासून तिथे सिडनी मायर निधीचा मातीकामाचा पुरस्कार सुरू झाला. हा निधी मायर या डिपार्टमेंटल स्टोअरच्या संस्थापकाचा. म्हणजे पुन्हा तीच जोडी: दुकानदाराचा पैसा, नगरपालिकेचं कपाट. २०२१ मध्ये शेपर्टनने तळ्याकाठी नवं संग्रहालय बांधलं. आपल्याकडे सावंतवाडीने लाकडी खेळणी, पैठणने पैठणी, सोलापूरने चादर अशी गावागावांची ओळख झाली ती तिथे बनतं म्हणून. तिथे मात्र जे जमवलं त्यावरून गावाची ओळख झाली.

काचेची गोष्ट थोडी तांत्रिक आहे, पण तिच्याशिवाय ऑस्ट्रेलियाच्या हस्तकलेचं जगात नाव का झालं ते कळत नाही. वेगवेगळ्या रंगांची काच भट्टीत एकत्र वितळवली की तापात ती एकजीव होते; खरी अडचण थंड होताना येते. रंग देणारी रसायनं वेगळी, त्यामुळे प्रत्येक काच कमीजास्त आकसते. एक जास्त आकसली की सांध्यावर ताण येतो आणि भांडं तडकतं, कधी भट्टीतच, कधी आठवड्याने टेबलावर. हॅम्बुर्गचे क्लाउस मोये यांनी अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या बुल्सआय कंपनीच्या साथीने सारख्या प्रमाणात प्रसरण पावणारी रंगीत काच मिळवली. १९८२ मध्ये ते कॅनबेराला आले आणि तिथल्या कलाशाळेत त्यांनी काचेचा विभाग उभा केला. रंगीत काचेच्या पट्ट्या कापायच्या, नक्षीत मांडायच्या, भट्टीत जोडायच्या, पुन्हा तापवून साच्यात वाकवायच्या आणि मग तासन्‌तास घासायच्या, ही त्यांची रीत. पृष्ठभाग इतका मखमली होतो की काच आहे हे सांगावं लागतं. मोये २०१६ मध्ये वारले, पण त्यांचे विद्यार्थी जगभर आहेत आणि किंग्स्टनच्या जुन्या वीजघरात २००७ पासून कॅनबेरा ग्लासवर्क्स चालू आहे. १९१५ साली बांधलेल्या या इमारतीत एकेकाळी राजधानीची वीज तयार होई.

मातीकडे आलं की ग्विन हॅन्सन पिगॉट यांच्यापाशी थांबावंच लागतं. १९३५ चा जन्म, बॅलरॅटचा. मॅकमीकिन यांच्याकडे स्टर्टमध्ये उमेदवारी, मग इंग्लंडमध्ये बर्नार्ड लीच आणि मायकेल कार्ड्यू यांच्या भट्ट्यांवर काम, मग फ्रान्स, आणि १९७० च्या दशकात परत मायदेशी. कितीतरी वर्षं त्या रोजच्या वापराची भांडी करत होत्या: चहाच्या किटल्या, वाडगे, पेले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ही भांडी एकमेकांशेजारी मांडायला सुरुवात केली. एक उंच बाटली, दोन पेले, एक खोल वाडगा, मध्ये बोटभर जागा. इटालियन चित्रकार जॉर्जो मोरांदी याने आयुष्यभर बाटल्यांची चित्रं काढली, त्याचा हा परिणाम. रंग दुधाळ, राखी, कुठे फिकट पिवळा. सगळी भांडी वापरता येतील अशी, हाताला बसणारी, पाणी न गळणारी. आता मात्र दोन पेल्यांमधलं अंतर हा कलाकृतीचा भाग झाला. संग्रहालयाने तो संच घेतला की कुठलं भांडं कुठे, याचा नकाशाच पाळावा लागतो. त्या किटलीतून चहा ओतला जाणार नाही. यात काही हरवलं का? हरवलं, असं मला वाटतं. पण दर कपामागे किंमत लावणाऱ्या बाजारात इतक्या संथ कामावर कुणी पोट भरू शकलं नसतं, हेही खरं. बाई २०१३ मध्ये लंडनला वारल्या. तोवर त्यांचे संच मोठमोठ्या सार्वजनिक संग्रहांत पोचले होते.

कंपनी-संग्रहाचं माझ्या मते सगळ्यात बोलकं उदाहरण ॲलिस स्प्रिंग्जच्या ईशान्येला युटोपिया नावाच्या भागातलं आहे. गुरांच्या जुन्या कुरणांची ही जमीन. १९७७ मध्ये जेनी ग्रीन ही तरुण शिक्षिका तिथे प्रौढ शिक्षणाचं काम करत होती. तिने बायकांसाठी बाटिकचे वर्ग भरवले. शिकवायला अर्नाबेला या वस्तीची एक आदिवासी कलाकारही आली होती. अर्नाबेलाला १९४८ पासून मिशनची हस्तकला-खोली होती, बाटिक तिथे १९७० च्या दशकात आलं आणि तिथल्या बायका ते नीट शिकायला इंडोनेशियात योग्यकर्ताला जाऊन आल्या होत्या. तर इंडोनेशियाचं तंत्र मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात असं वळणावळणाने पोचलं. मेण चुलीवर डब्यात वितळवायचं, कुंचल्याने किंवा तोटीच्या कलमाने कापडावर सोडायचं, रंगात बुडवायचं, पुन्हा मेण, पुन्हा रंग, आणि शेवटी पिंपात पाणी उकळून सगळं मेण काढायचं. सुती कापडावरून त्या रेशमावर गेल्या. कामाला त्यांच्या जमिनीच्या दाव्याचीही किनार होती: आपल्या भूमीच्या खुणा, रताळ्यासारखे कंद, एमूच्या वाटा त्या कापडावर उमटवत होत्या आणि १९७९ मध्ये त्या दाव्याची सुनावणी चालू होती.

१९८८ मध्ये या गटाने ८८ रेशमी बाटिकांची एक मालिका केली. ‘युटोपिया: अ पिक्चर स्टोरी’ या नावाची ही अख्खी मालिका, एकही तुकडा न सोडता, पर्थच्या होम्स आ कोर्ट संग्रहाने विकत घेतली. रॉबर्ट होम्स आ कोर्ट म्हणजे कंपन्या ताब्यात घेणारा त्या काळातला गाजलेला उद्योगपती. ऑक्टोबर १९८७ च्या शेअर बाजाराच्या पडझडीत त्याच्या बेल ग्रुपचा कणा मोडला होता, आणि तरीही पुढच्या वर्षी ही खरेदी झाली. मालिका एकत्र राहिली हे महत्त्वाचं. फुटकळ विकली गेली असती तर ८८ ओढण्या ८८ घरांत गेल्या असत्या आणि गोष्ट विरली असती.

त्या मालिकेच्या कलाकारांमध्ये एमिली कामे कंग्वारेये होत्या, वय सत्तरीच्या पुढे. त्याच सुमारास, १९८८-८९ च्या उन्हाळ्यात, गटाला बाटिकऐवजी कॅनव्हास आणि ॲक्रिलिक रंग दिले गेले. एमिली कॅनव्हासवर गेल्या त्या परत फिरल्या नाहीत. कारण त्यांनीच सांगितलं होतं आणि ते अगदी साधं आहे: नजर अधू झाली होती, कापड उकळत बसण्याचा कंटाळा आला होता. पुढच्या आठेक वर्षांत, १९९६ मध्ये मृत्यू येईपर्यंत, त्यांनी हजारो चित्रं केली. त्यांचं ‘अर्थ्स क्रिएशन’ २००७ मध्ये दहा लाख डॉलर्सच्या वर गेलं. २००८ मध्ये ओसाका आणि टोकियोत, २०२५ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये त्यांची मोठी प्रदर्शनं भरली. चित्रांपुढे गर्दी होते. पण त्यांतल्या त्या सरसर धावणाऱ्या रेषांचा ओघ मेणाच्या कलमाचा आहे. मेण गार व्हायच्या आत हात पुढे न्यावा लागतो, आणि दहा वर्षांची ती सवय कॅनव्हासवरही राहिली. बाटिक ‘हस्तकला’ म्हणून राहिलं आणि चित्र ‘कला’ झालं, किमतीतला फरक तेवढाच.

कंपन्यांच्या संग्रहांचं एक दुखणंही आहे. कंपनीला आधी भिंत दिसते. लॉबीत टांगायला चित्र सोपं, टॅपेस्ट्रीही चालते, पण मडक्याला काचपेटी हवी, धूळ पुसणारा जपून हात हवा, विमा हवा. म्हणून कंपन्यांच्या यादीत माती आणि काच नेहमीच मागे. शिवाय कंपनी कायमची नसते. मुख्यालय हलतं, नवा अध्यक्ष येतो, भागधारक प्रश्न विचारतात. बिअरवाल्या फोस्टर्सने आपला चित्रसंग्रह २००५ मध्ये लिलावात काढला, नॅशनल ऑस्ट्रेलिया बँकेने २०२२ मध्ये. सरकारने यावर उपाय म्हणून करसवलत ठेवली आहे: १९७८ पासून, सार्वजनिक संग्रहालयाला वस्तू दान दिली तर तिच्या बाजारभावाइतकी वजावट मिळते. बरंच काही खासगी कपाटांतून सार्वजनिक कपाटांत येतं ते या वाटेने. दुसरा मार्ग अधिक गमतीचा. १९८० साली सुरू झालेली आर्टबँक ही सरकारी संस्था हयात कलाकारांची कामं विकत घेते आणि कंपन्यांना, वकिलातींना भाड्याने देते. भाड्याच्या पैशातून पुढची खरेदी. आज तिच्याकडे दहा हजारांहून अधिक कामं आहेत, त्यांत काच, माती, विणकामही आहे. आपल्या एखाद्या राज्य सरकारने हे उचलायला हरकत नाही. सरकारी कचेऱ्यांच्या भिंती पाहता गिऱ्हाईक कमी पडणार नाही.

टास्मानियाचा विषय इथे अपवाद म्हणून येतो. तिथल्या आदिवासी स्त्रिया शंखांच्या माळा करतात. तलावात मासा चमकावा तसा निळा-हिरवा चमकणारा मायरीनर नावाचा बारका शंख, समुद्राला ओहोटी असताना शेवाळावरून वेचलेला. वरचं मळकट कवच काढलं की आतली मोतिया चकाकी उघडी पडते. पूर्वी कांगारूच्या दाताने भोक पाडत आणि त्याच्याच शेपटीच्या स्नायूत ओवत. आता सुई आणि दोरा. वसाहतीच्या क्रूर काळातही हे काम खंडित झालं नाही. केप बॅरन बेटावर १९४६ मध्ये जन्मलेल्या लोला ग्रीनो यांनी ते आई आणि सासूकडून घेतलं. सिडनीच्या ऑब्जेक्ट या संस्थेने नामवंत कारागिरांना ‘जिवंत ठेवा’ म्हणून गौरवणारी प्रदर्शनमाला २००५ मध्ये सुरू केली, पहिले मान मिळवणारे कुंभार लेस ब्लेकब्रो. २०१४ मध्ये याच मालेत लोला ग्रीनोंच्या माळा देशभर फिरल्या. या माळांना पूर्वापार घेणारं घर होतं, आई-मुलगी-नात; संग्रहालय मागून आलं. १९९७ मध्ये इंग्लंडमधल्या एक्झेटरच्या संग्रहालयाने त्रुगानिनी या टास्मानियन आदिवासी स्त्रीची म्हणून जपलेली माळ टास्मानियाला परत केली, ती त्या घराकडेच. सध्या चिंता वेगळी आहे. टास्मानियाभोवतीचा समुद्र तापतो आहे, पूर्व किनाऱ्यावरची केल्पची रानं बहुतांश नाहीशी झाली आहेत आणि शंख पूर्वीसारखे मिळत नाहीत, असं या बायका सांगतात. एकेका माळेला पुरेसे शंख जमायला महिनोन्‌महिने जातात.

मुलाकडे किंवा लेकीकडे ऑस्ट्रेलियाला निघालेल्या वाचकांसाठी दोन गोष्टी. कॅनबेराला एक दिवस काढलात तर सकाळी संसद भवन (प्रवेश मोफत, ग्रेट हॉल आणि वरची भरतकामाची पट्टी दोन्ही बघून घ्या), दुपारी नॅशनल गॅलरी आणि वेळ उरला तर किंग्स्टनचं काचघर, जिथे कठड्यावरून भट्टी चालू असताना बघता येते. मेलबर्नमध्ये पार्क स्ट्रीटच्या कार्यशाळेत मागावर काम चालू असताना जाणं चांगलं. सिडनीत मात्र सावध: हस्तकलेचा मोठा संग्रह असलेलं पॉवरहाऊस संग्रहालय, जे १९८८ पासून अल्टिमोच्या जुन्या वीजकेंद्रात होतं, फेब्रुवारी २०२४ मध्ये नूतनीकरणासाठी बंद झालं. जाण्याआधी फोन करून विचारून घ्यावं.